डाव्या खांद्यामागचा कॉक

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे विमानतळावरून संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर एक दोन आसनी विमान उडालं. वैमानिकाने आधी तीनदा धावपट्टीला चाकं टेकवून लगेच पुन्हा उडण्याचा सराव केला आणि मग विमान पश्चिमेला, समुद्राकडे नेलं. ५ वाजून २८ मिनिटांनी पॅसिफिक ग्रोव्ह गावाच्या किनाऱ्यापासून जेमतेम दीडशे यार्डांवर ते नाक खाली करून पाण्यात आदळलं. आत एकटा वैमानिक होता, प्रसिद्ध अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर. वय ५३.

माणूस एवढा मोठा असला की तर्कांना ऊत येतो. डेन्व्हरवर पूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याचे खटले झाले होते आणि त्यापायी उड्डाणासाठी लागणारं त्याचं वैद्यकीय प्रमाणपत्रही गेलं होतं. बातमीला एवढं पुरेसं होतं. तपासाला मात्र ते पुरलं नाही. शवविच्छेदनात मद्याचा अंश सापडला नाही. वैमानिक नवशिकाही नव्हता. त्याच्या गाठीशी २,७०० तासांहून जास्त उड्डाणाचा अनुभव होता. हवा स्वच्छ होती. मग चालतं विमान एकाएकी उजवीकडे कलंडून समुद्रात का गेलं?

अमेरिकेत अशा प्रश्नांचं उत्तर शोधण्याचं काम राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचं, म्हणजे एनटीएसबीचं. मंडळाच्या तपासनिसांना किनाऱ्यावर वीसेक साक्षीदार मिळाले. विमान साधारण ३५० ते ५०० फुटांवर होतं, असं त्यांच्या सांगण्यावरून दिसत होतं. काहींनी ‘फट्’ असा आवाज ऐकला होता आणि त्यानंतर इंजिनाचा आवाज कमी झाल्याचं त्यांना जाणवलं होतं. म्हणजे संशयाची सुई इंजिनाकडे वळली. पण इंजिन बंद पडणं हे कारण म्हणून अर्धवटच असतं. ते का बंद पडलं आणि बंद पडल्यावर विमान तरंगत खाली न येता कोसळलं का, हे दोन प्रश्न उरतातच. त्यांची उत्तरं मिळाली ती हे विमान बांधताना केलेल्या एका बदलात.

घरी बांधलेलं विमान

ते विमान कुठल्या कारखान्यात तयार झालेलं नव्हतं. लाँग-ईझी नावाचा हा नमुना बर्ट रुटान या कल्पक अभियंत्याने आखला. १९७९ मध्ये त्याचं पहिलं उड्डाण झालं. रुटान विमानं विकत नसे, आराखडे विकायचा. लोक ते आराखडे घेऊन आपल्या गॅरेजात फोम आणि फायबरग्लासचं विमान उभं करायचे. मुख्य पंख मागे, छोटा पंख नाकापाशी आणि इंजिन पाठीमागून ढकलणारं, असं त्याचं रूप. पाहताना उलटं उडतंय असं वाटे, पण थोडक्या इंधनात लांब जाण्यात त्याची बरोबरी करणारी विमानं कमीच होती.

अमेरिकेत अशा विमानांना प्रायोगिक, हौशी बांधणीचं म्हणून वेगळा वर्ग आहे. निम्म्याहून जास्त बांधकाम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असावं, ही त्यातली मुख्य अट. कारखान्यातल्या विमानाच्या प्रत्येक नमुन्याला जसं मंजुरीपत्र लागतं, तसं इथे लागत नाही. त्यामुळे बांधणाऱ्याला मोकळीक मिळते. आराखड्यातलं इंजिन बदला, टाकी हलवा, कळा आपल्या सोयीने बसवा, कोणी अडवत नाही. याच मोकळिकीतून विमानविद्येत कितीतरी नव्या कल्पना आल्या. रुटानचं व्हॉयेजर हे विमान १९८६ मध्ये वाटेत न थांबता आणि इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं, त्याचं मूळही याच गॅरेजातल्या परंपरेत आहे.

या मोकळिकीने तपासनिसाची अडचण मात्र होते. कारखान्यातलं विमान पडलं की त्याच नमुन्याच्या हजारो भावंडांची माहिती हाताशी असते. कुठला नट किती आवळायचा, कुठली नळी कुठून जाते, सगळं पुस्तकात छापलेलं असतं. हौशी विमान हे आपल्या जातीचं एकुलतं एक असतं. त्याचं खरं माहितीपुस्तक बांधणाऱ्याच्या डोक्यात असतं. म्हणून तपासनिसाला आधी मूळ आराखडा मिळवावा लागतो आणि मग अवशेषांशी तो पडताळून कुठे काय बदललं, याची यादी करावी लागते.

डेन्व्हरच्या विमानात अशा दोन नोंदी ठळक होत्या. पहिली इंजिनाची. मूळ आराखड्यात १०० ते ११५ अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन अपेक्षित होतं. या विमानावर लायकॉमिंग कंपनीचं १५० अश्वशक्तीचं इंजिन होतं. जास्त ताकद म्हणजे चढायला जोर आणि पेट्रोलचा खप जास्त. दुसरी नोंद इंधनाच्या कॉकची. तिच्याकडे येण्याआधी इंजिनाची तपासणी कशी होते ते पाहू.

इंजिन बोलतं ते कसं

समुद्रातून काढलेल्या इंजिनाला पहिली घाई असते ती गोड्या पाण्याने धुण्याची. खाऱ्या पाण्यातून वर येऊन हवा लागली की अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे भाग भराभर गंजतात आणि पुरावा डोळ्यांदेखत जातो.

मग पंखा, म्हणजे प्रोपेलर, पाहिला जातो. आदळताना इंजिन तो जोरात फिरवत असेल तर धातूच्या पात्याला पीळ पडतो, पुढच्या धारेवर खोचे पडतात आणि पात्याच्या रुंदीच्या दिशेने ओरखडे उमटतात. पंखा थांबलेला असेल तर पातं नुसतं मागे वाकतं. लाकडी पंखा जोरात फिरत असेल तर मुळापासून ढलप्या उडतात. थांबलेला असेल तर बऱ्याचदा एक पातं मोडतं आणि दुसरं जवळजवळ शाबूत राहतं.

त्यानंतर प्लग काढून क्रँकशाफ्ट हाताने फिरवतात. सगळे पिस्टन हलतात का, झडपा क्रमाने उघडतात का, मागच्या बाजूचे गिअर फिरतात का, हे कळतं. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की दाब तयार होतो की नाही हेही जाणवतं. प्लगांचा रंग पाहतात. फिकट राखाडी असेल तर जळण ठीक होतं, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होत होतं. मॅग्नेटो फिरवून ठिणगी पडते का बघतात. कार्ब्युरेटरच्या वाटीत पाणी किंवा गाळ आहे का, जाळी तुंबली आहे का, रबरी नळीचं आतलं अस्तर सुटलं आहे का, हे तपासतात. हौशी विमानात तर सांधा गळू नये म्हणून सढळ हाताने लावलेल्या सीलंटचा तुकडाही नळीत जाऊन अडकू शकतो. एखादा भाग तुटलेला असेल तर तो प्रयोगशाळेत जातो. एका फटक्यात तुटलेला धातू खरबरीत दिसतो. महिनोन्‌महिने थोडा थोडा चिरत गेलेला धातू सूक्ष्मदर्शकाखाली एकात एक कमानदार रेषा दाखवतो आणि त्या रेषा जिथून निघतात तिथे भेगेचा जन्म असतो.

एवढं सगळं करण्यामागे एक शिस्त आहे. निर्दोष भाग एकेक करून बाजूला काढत जायचं आणि जे उरेल त्याकडे वळायचं. डेन्व्हरच्या इंजिनात आदळण्याआधीचा कुठलाही यांत्रिक बिघाड सापडला नाही. इंजिन चांगलं होतं. त्याला पेट्रोल मिळालं नव्हतं.

दहा सेकंदांचं काम

जुनी मोटारसायकल चालवलेल्यांना पेट्रोलचा कॉक सांगायला नको. इंजिन आचके द्यायला लागलं की डावा हात खाली नेऊन, रस्त्यावरची नजर न हलवता कॉक रिझर्व्हला लावायचा. लाँग-ईझीत तोच प्रकार होता. दोन्ही बाजूंना पंखांच्या मुळाशी एकेक टाकी, आणि कॉक फिरवून एकीकडून किंवा दुसरीकडून पेट्रोल घ्यायचं. रुटानच्या आराखड्यात हा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, समोर होता.

या विमानाच्या बांधणाऱ्याला पेट्रोलची नळी कॉकपिटातून जायला नको होती. आग लागली तर माणसाच्या पायाशी पेट्रोल नसावं, हा त्याचा विचार. विचार चुकीचा म्हणता येणार नाही. म्हणून त्याने कॉकची झडप मागे इंजिनाजवळ बसवली आणि तिची मूठ लांब दांड्याने जोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर आणली. मुठीवर खुणा नव्हत्या; कोणत्या दिशेला कोणती टाकी, हे तिच्याकडे पाहून कळत नव्हतं. टाकीत किती पेट्रोल आहे हे दाखवणाऱ्या काचा मागच्या आसनाजवळ होत्या आणि त्यांवरही मापाच्या खुणा नव्हत्या. बांधणाऱ्याला स्वतःला खुणांची गरज नसणार, कारण सगळं त्यानेच बसवलं होतं. पुढे विमानाचे मालक बदलले.

डेन्व्हरने हे विमान नुकतंच विकत घेतलं होतं. आदल्या दिवशी दुसऱ्या वैमानिकाबरोबर अर्धा तास उडून त्याने ते समजून घेतलं होतं. पेडलपर्यंत पाय पोहोचावेत म्हणून त्याला पाठीमागे उशी घ्यावी लागे. अपघाताच्या दिवशी माँटेरेच्या हँगरमध्ये एका तंत्रज्ञाशी त्याचं या मुठीबद्दल बोलणंही झालं. हात पोहोचावा म्हणून दोघांनी मुठीला पकड लावून पाहिली, जमलं नाही. मागच्या काचा दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्याला एक छोटा आरसा दिला. दोन्ही टाक्यांत मिळून पेट्रोल बेताचंच होतं, डावीत तर फारच कमी. पेट्रोल भरायचं का, असं विचारल्यावर डेन्व्हर नको म्हणाला. तासाभराचंच उड्डाण होतं. टाकी बदलायची वेळ आलीच, तर विमान ऑटोपायलटवर टाकून मागे वळायचं, असा त्याचा बेत होता.

तपासनिसांनी अवशेषांतली झडप तपासली तेव्हा ती धड एका टाकीवर नव्हती आणि धड दुसरीवरही नव्हती, मध्येच कुठेतरी होती. फिरवताना हात अर्ध्यावर राहिला असावा, असं ती झडप सांगत होती. ती फिरवायला काय काय करावं लागतं हे पाहण्यासाठी त्यांनी तसंच दुसरं लाँग-ईझी घेतलं आणि त्यात माणूस बसवला. विमान चालवण्याची स्टिक उजव्या हाताशी असते. ती आधी सोडायची. खांद्यावरचा पट्टा सैल करायचा. कमरेच्या वरचं अंग नव्वद अंशात डावीकडे वळवायचं आणि मग मूठ गाठून फिरवायची. आरामात बसून केलं तर दहा सेकंदांचं काम.

पण या चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. कोणीही डावीकडे वळून मागे हात घालू लागला की तोल सावरायला त्याचा उजवा पाय आपोआप ताठ होई आणि उजव्या पेडलवर दाब पडे. उजवं पेडल म्हणजे उजवा रडर, विमानाचं नाक उजवीकडे वळवणारी पट्टी. इंजिन थंडावलेलं, स्टिकवर हात नाही, नजर पाठीमागे, उंची पाचशे फुटांच्या आत आणि पायाने नकळत दाबलेला रडर. साक्षीदारांनी पाहिलेलं उजवीकडचं कलंडणं इथे जुळलं.

मंडळाने काढलेला निष्कर्ष नेमका आहे. मूठ फिरवण्याच्या खटपटीत वैमानिकाचं लक्ष विमानावरून उडालं, नकळत उजवा रडर दाबला गेला आणि ताबा सुटला, उड्डाणाआधीची तयारी अपुरी होती आणि पेट्रोल भरलं गेलं नाही, हे कारण. बिनखुणांची मूठ अवघड जागी बसवण्याचा बांधणाऱ्याचा निर्णय, बिनखुणांच्या काचा, या विमानाचं अपुरं प्रशिक्षण आणि अनुभव, हे कारणाला हातभार लावणारे घटक. वैमानिकाची जबाबदारी मंडळाने कमी केली नाही. पण ‘वैमानिकाची चूक’ एवढंच लिहून फाइल बंदही केली नाही, आणि तपासाची खरी किंमत या दुसऱ्या भागात आहे. वैमानिक गेला, पण तशी मूठ असलेली दुसरी विमानं आणि तसा विचार करणारे दुसरे बांधणारे मागे होतेच. प्रायोगिक विमानाला परवानगी देण्याआधी कॉकपिटातल्या कळांवर आणि मापांवर नीट खुणा आहेत का, हे तपासलं जावं, अशी शिफारस मंडळाने नंतर केली.

मोटारीचं इंजिन, विमानाचा पंखा

डेन्व्हरच्या विमानात बदल इंधनाच्या वाटेत होता. हौशी बांधणारे सर्वाधिक धाडस करतात ते प्रत्यक्ष इंजिनात. विमानाचं प्रमाणित इंजिन महाग असतं आणि मोटारीचं भंगारातही मिळतं. म्हणून फोक्सवॅगन, सुबारू, शेवरोलेची कॉर्व्हेअर, माझदाचं रोटरी अशी कितीतरी इंजिनं विमानांवर चढली आणि त्यांतली बरीच वर्षानुवर्षं नीट चालली. जी बंद पडली त्यांच्या तपासातून एक गोष्ट स्पष्ट झाली. इंजिन खराब होतं असं क्वचितच निघालं. त्याला जे काम कधी नेमूनच दिलेलं नव्हतं, ते त्याच्यावर लादलं गेलं होतं.

मोटारीचं इंजिन रस्त्यावर आपल्या ताकदीच्या थोड्याशाच भागावर चालतं. पूर्ण जोर लागतो तो ओव्हरटेक करताना किंवा घाट चढताना. विमानाचं इंजिन तासन्‌तास तीन चतुर्थांश ताकदीवर चालतं. त्यामुळे गार करण्याची मोटारीतली व्यवस्था विमानात अपुरी पडते. मोटारीचं इंजिन पूर्ण ताकद देतं ते मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेऱ्यांवर. पंख्याला एवढा वेग चालत नाही, लायकॉमिंगसारखं इंजिन २,७०० फेऱ्यांवर पंख्याला थेट फिरवतं. म्हणून मध्ये वेग कमी करणारा गिअर किंवा पट्टा घालावा लागतो. इंजिनाच्या प्रत्येक स्फोटाचा झटका आणि पंख्याचं जडपण यांच्यात दांडा पिळवटत राहतो. ही पिळवटण्याची लय एखाद्या वेगाला जुळून आली की गिअरचे दात आणि दांडे तुटू लागतात.

कॉर्व्हेअरचं इंजिन गिअरशिवाय थेट पंखा फिरवू शकतं, म्हणून ते लोकप्रिय झालं. पण विमान वळतं किंवा नाक वर-खाली करतं तेव्हा फिरता पंखा त्या वळण्याला विरोध करतो आणि तो सगळा वाक क्रँकशाफ्टच्या टोकावर येतो. मोटारीत त्या टोकावर असला भार कधीच नसतो. काही विमानांचे क्रँकशाफ्ट उडत असताना तुटले, काहींत तपासणीत भेगा सापडल्या. त्या भेगा कुठे सुरू होतात हे कळल्यावर उपाय सापडला: क्रँकशाफ्टचा पृष्ठभाग नायट्रोजनच्या प्रक्रियेने कडक करायचा आणि पंख्याच्या बाजूला पाचवं बेअरिंग जोडायचं. तुटलेल्या क्रँकशाफ्टनेच पुढचा क्रँकशाफ्ट कसा असावा हे शिकवलं.

ठिणगीचंही तसंच. विमानाच्या पारंपरिक इंजिनात दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात आणि त्यांना बॅटरी लागत नाही. सगळी वीज गेली तरी इंजिन चालू राहतं. आधुनिक मोटारीचं इंजिन संगणक, पंप आणि बॅटरीच्या भरवशावर असतं. तिथे एका वायरचा सांधा सुटला की सगळं थंड. रस्त्यावर गाडी कडेला घेता येते.

दुसरा मालक

२०१२ मध्ये एनटीएसबीने हौशी विमानांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या खासगी आणि छोट्या विमानांत हौशी विमानांचा वाटा सुमारे १० टक्के होता. अपघातांत तो सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के निघाला. इंजिन आणि इंधन यंत्रणेतले बिघाड आणि ताबा सुटणं ही त्यांतली मोठी कारणं होती. त्याहून बोलका आकडा वेगळाच होता. त्या वर्षी अपघात झालेल्या हौशी विमानांपैकी निम्म्याहून जास्त विमानं मालकांनी स्वतः बांधलेली नव्हती, वापरलेली विकत घेतलेली होती.

अमेरिकी नियमांत नव्या विमानाला वस्तीपासून दूर चाचणीचे तास पूर्ण करावे लागतात: इंजिन आणि पंख्याची जोडी प्रमाणित असेल तर साधारण २५, नसेल तर ४०. इंजिनात किंवा इंधन यंत्रणेत मोठा बदल केला तर पुन्हा चाचणी. बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखला मिळतो, पण तो त्याचा वैयक्तिक असतो. विमान विकलं की तो नव्या मालकाला मिळत नाही. विमान हस्तांतरित होतं, ते बांधताना मिळालेलं ज्ञान मागेच राहतं.

आपल्याकडे हा विषय अगदीच परका नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली. भारतात अपघातांच्या तपासासाठी २०१२ पासून स्वतंत्र ब्युरो आहे. त्याच्या कामाचा पाया नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात आहे: तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं, दोष वाटून देणं हा त्याचा हेतू नाही.

डेन्व्हरच्या विमानाचा बांधणारा बेपर्वा नव्हता. त्याने एक खरा धोका ओळखला आणि तो दूर केला. मात्र त्याची किंमत म्हणून तयार झालेला दुसरा धोका त्याने कुठे लिहून ठेवला नाही. बदलाचं कारण चांगलं असणं पुरेसं नसतं. प्रत्येक बदल कुणाच्या तरी हाताला, पायाला, नजरेला नवं काम लावतो आणि ते काम करणारा माणूस बदल करणाऱ्यापेक्षा वेगळा असू शकतो. म्हणून विमान असो, शेतावरचा पंप असो की घरातली वायरिंग, यंत्रात काही बदललंत तर तीन गोष्टी करा: काय बदललं ते लिहा, जिथे बदललं तिथे खूण करा आणि यंत्र दुसऱ्याच्या हाती देताना त्याला समोर बसवून ते चालवून दाखवा.